नाव इथेच राहिलं

नमस्कार मंडळी.

६ नोव्हेंबर १९९५, सोमवार. आर्ट मोडेल नावाच्या गृहस्थांनी बाल्टिमोरमध्ये जाहीर केलं की क्लीव्हलंड ब्राउन्स हा आपला अमेरिकन फुटबॉलचा संघ पुढच्या हंगामापासून बाल्टिमोरला खेळेल. संघ त्यांचा होता. १९६१ मध्ये त्यांनी तो विकत घेतला होता. खेळाडूंचे करार त्यांच्याकडे, हेल्मेटं त्यांची, चेंडूही त्यांचे. कायद्याने पाहिलं तर एक व्यावसायिक आपला धंदा या गावातून त्या गावात हलवत होता. पण त्या संध्याकाळी क्लीव्हलंडमध्ये लोक एकमेकांशी बोलत होते ते घरी चोरी झाल्यासारखं.

पुढच्या तीन महिन्यांत जे झालं त्यासाठी मी आज इथे उभी आहे. मोडेल खेळाडू घेऊन गेले, प्रशिक्षकांचे करार आणि कचेरी घेऊन गेले. पण ब्राउन्स हे नाव, तपकिरी आणि केशरी हे रंग, पन्नास वर्षांची विजेतेपदं, विक्रम आणि नोंदी त्यांना क्लीव्हलंडमध्ये ठेवून जावं लागलं. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएलमध्ये) असा तोडगा तोवर निघालेला नव्हता. खेळणारी माणसं एकीकडे आणि संघ दुसरीकडे, अशी वाटणी झाली. आणि जो भाग मागे राहिला तो कोणी सांभाळला? त्या शहरातल्या चाहत्यांनी. व्यावसायिक संघाचा चाहता म्हणजे तिकिटं आणि टोप्या विकत घेणारं गिऱ्हाईक, असं आपण सहज समजतो. मला वाटतं संघाचं सातत्य चाहत्यांतच असतं. मालक, खेळाडू, प्रशिक्षक येतात आणि जातात. क्लीव्हलंडमध्ये हे कागदावर सिद्ध झालं आहे.

मी गेली बरीच वर्षं क्लीव्हलंडच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहते. ओहायो राज्यातलं, ईरी सरोवराच्या काठावरचं हे शहर. पोलाद, मोटारी आणि गोदी यांच्यावर वाढलं आणि कारखाने बंद पडत गेले तसं ओसरत गेलं. १९५० मध्ये तिथे नऊ लाखांच्या वर वस्ती होती, आज चार लाखही नाही. आमचे शेजारी पोलंडहून आलेल्या कुटुंबातले, ब्रूक पार्कच्या फोर्डच्या इंजिन कारखान्यात आयुष्यभर नोकरी केलेले. खेळ मला त्यांनी शिकवला. रविवारी दुपारी त्यांच्या ओट्यावर रेडिओ लागायचा, मी पायरीवर बसायची आणि ते प्रत्येक चालीनंतर थांबून समजावून सांगायचे. टीव्ही आत होता, पण त्यांचा जीव रेडिओवर.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैदान शंभर यार्डांचं, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याला. समोरच्या टोकाची रेषा चेंडूसह ओलांडली की टचडाउन, सहा गुण. हे सगळं चालवतो तो क्वार्टरबॅक. बाकीचे नियम पाहता पाहता कळतात.

चाहत्याच्या दृष्टीने महत्त्वाचं काही वेगळंच आहे. एका संघाचे वर्षात सामने फक्त सतरा, २०२० पर्यंत तर सोळाच. त्यातले घरच्या मैदानावर आठ किंवा नऊ. त्याच शहरातला बेसबॉलचा संघ हंगामात १६२ सामने खेळतो. तिथे आज हरलो तर उद्या आहेच. फुटबॉलमध्ये हरल्यावर आठवडा जातो. सोमवारी कामावर, मंगळवारी केस कापताना, शुक्रवारी चर्चमधल्या मासळीच्या जेवणात तीच चर्चा. म्हणून एक-एक चाल पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहते आणि क्लीव्हलंडमध्ये तर त्या चालींना नावं पडली आहेत.

आधी चांगले दिवस. ते होते, आणि फार मोठे होते. संघ १९४६ मध्ये सुरू झाला. पहिले प्रशिक्षक पॉल ब्राउन, त्यांच्याच आडनावावरून संघाचं नाव. तेव्हा तो ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स या दुसऱ्या लीगमध्ये होता आणि त्या लीगची चारही वर्षांची विजेतेपदं ब्राउन्सनी जिंकली. १९५० मध्ये एनएफएलमध्ये आले ते पहिल्याच वर्षी जिंकले. १९५४, १९५५ पुन्हा. पहिल्याच वर्षापासून या संघात मॅरियन मोटली आणि बिल विलिस हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, म्हणजे बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत तोडणारा जॅकी रॉबिन्सन यायच्या एक वर्ष आधी. त्या वर्षी मायामीतल्या सामन्याला या दोघांना जाता आलं नाही, कारण फ्लोरिडात गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळायला बंदी होती. ब्राउन्सच्या चाहत्यांना या इतिहासाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. मग आला जिम ब्राउन. नऊ हंगाम खेळला, त्यांतल्या आठ हंगामांत चेंडू घेऊन धावण्यात लीगमध्ये पहिला, आणि तिसाव्या वर्षी निवृत्त.

शेवटचं विजेतेपद २७ डिसेंबर १९६४ चं. म्युनिसिपल स्टेडियमवर जवळपास ऐंशी हजार माणसं, समोर बाल्टिमोर कोल्ट्स. सगळे म्हणत होते कोल्ट्स जिंकणार. पूर्वार्धात ०-०, आणि शेवटी ब्राउन्स २७-०. गॅरी कॉलिन्सने तीन टचडाउन झेलले. आमचे शेजारी तेव्हा शाळकरी होते, वडिलांबरोबर गेले होते. सरोवरावरून येणारा वारा किती बोचत होता हे ते आजही सांगतात. त्यानंतर सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, सुरू झाला, आणि आजवर एकाही सुपर बोलमध्ये ब्राउन्स खेळलेले नाहीत.

आता त्या नाव पडलेल्या चाली. ४ जानेवारी १९८१, ओकलंड रेडर्सविरुद्ध १२-१४ असे मागे, कडाक्याची थंडी, चेंडू समोरच्यांच्या तेराव्या यार्डावर, मिनिटभरही उरलेलं नाही. साधी किक मारून तीन गुण घेता आले असते, पण वाऱ्यामुळे त्या दिवशी किक चुकत होत्या. प्रशिक्षक सॅम रुटिग्लिआनो यांनी क्वार्टरबॅक ब्रायन सायपला बजावलं होतं की कोणी मोकळा नसेल तर चेंडू सरळ ईरी सरोवरात भिरकाव. सायपने तो ऑझी न्यूसमकडे फेकला आणि मधल्यामध्ये रेडर्सच्या माइक डेव्हिसने पकडला. चालीचं नाव होतं ‘रेड राइट ८८’. क्लीव्हलंडमध्ये हे तीन शब्द उच्चारले तरी पुरे.

११ जानेवारी १९८७. २०-१३ ने पुढे, सहा मिनिटांहून कमी वेळ बाकी, डेन्व्हर ब्राँकोज स्वतःच्या दोन यार्डांच्या रेषेवर अडकलेले. तिथून जॉन एल्वेने संघाला ९८ यार्ड नेलं, बरोबरी केली आणि जादा वेळेत डेन्व्हर २३-२० ने जिंकलं. शेवटची किक खांबांच्या आतून गेली की बाहेरून, यावर आमच्या शेजाऱ्यांचं आणि त्यांच्या मेव्हण्याचं अजून एकमत नाही.

पण मला थांबायचं आहे ते पुढच्या वर्षीच्या सामन्यापाशी. १७ जानेवारी १९८८. पुन्हा डेन्व्हर, या वेळी त्यांच्या घरी. मध्यंतराला ब्राउन्स ३-२१ ने मागे. तिथून त्यांनी सामना खेचून आणला, आणि तो आणण्यात सर्वांत मोठा वाटा अर्नेस्ट बायनरचा. त्या दिवशी त्याने दोन टचडाउन केले होते. शेवटचं सव्वा मिनिट, ३१-३८, चेंडू आठव्या यार्डावर. तो बायनरला दिला. समोर मोकळी वाट होती. दोन पावलांवर रेषा असताना जेरेमाया कॅस्टिलने झेप घेऊन त्याच्या हातातून चेंडू उडवला. बायनर रेषेपलीकडे गेला, चेंडू अलीकडे राहिला. तो माणूस तिथेच गुडघ्यांवर बसला. त्या दिवशी बायनर नसता तर सामना तिथवर आलाच नसता, हे क्लीव्हलंडला माहीत होतं. तरीही लोक त्याला बरीच वर्षं त्या एका क्षणानेच ओळखत राहिले. हे मला अन्यायाचं वाटतं आणि तेव्हाही वाटत होतं. चाहत्याच्या प्रेमात हा क्रूरपणा असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. बायनर पुढे वॉशिंग्टनला गेला, तिथे सुपर बोल जिंकला, आणि १९९४ मध्ये परत क्लीव्हलंडला आला. म्हणजे मोडेल यांनी संघ उचलला तेव्हा बायनर याच संघात होता. हे लक्षात ठेवा.

आता डॉग पाउंडबद्दल. १९८५ मध्ये सरावाच्या वेळी हॅनफर्ड डिक्सन आणि फ्रँक मिनिफील्ड हे दोन बचावपटू आपल्या साथीदारांना चेव यावा म्हणून कुत्र्यासारखे भुंकायला लागले. पाहणाऱ्यांनी ते उचललं. स्टेडियमच्या पूर्वेकडच्या टोकाला पाठ नसलेल्या बाकांची सर्वांत स्वस्त जागा होती, तिथे कारखान्यांतली, गोदीतली माणसं बसत. ती श्वानमुखवटे घालून यायला लागली, विरोधी संघ त्या टोकाला आला की भुंकायला लागली, कुत्र्यांची बिस्किटं मैदानात फेकायला लागली. त्या भागाला डॉग पाउंड, म्हणजे कुत्र्यांचा कोंडवाडा, असं नाव पडलं. सामन्याच्या दिवशी सकाळी सातला सरोवराजवळचा पालिकेचा वाहनतळ उघडतो आणि दुपारी एकच्या सामन्यासाठी माणसं तेव्हापासून तिथे असतात. गाडीची मागची फळी खाली, कोळशाची शेगडी, तिच्यावर ब्राटवुर्स्ट, एका बाजूला पोलिश घरांतले बटाट्याचे, करंजीसारखे पिएरोगी, आणि क्लीव्हलंडची ती तपकिरी मोहरीची चटणी, जिच्याशिवाय तिथे सॉसेज कोणी खात नाही. मी मांस खात नाही, त्यामुळे पिएरोगी माझ्या वाट्याला भरपूर येतात. शेजारच्या गाडीवाल्याचं नाव माहीत नसलं तरी त्याच्या शेगडीवरचं खायचं आणि आपल्या डब्यातली शेव-चकली त्याला द्यायची.

तर १९९५. मोडेल का गेले? संघाबरोबर जुनं स्टेडियमही तेच चालवत होते. १९९४ मध्ये शहराने बेसबॉलच्या संघासाठी नवं मैदान बांधलं. तो संघ जुन्या स्टेडियमचा भाडेकरू होता. तो गेला आणि मोडेल यांचं उत्पन्न बुडालं. कर्ज होतं. बाल्टिमोरने नवं कोरं स्टेडियम देऊ केलं. त्यांची अडचण खरी होती, हे मी मान्य करते. पण तारखा पाहा. ६ नोव्हेंबरला घोषणा झाली. ७ नोव्हेंबरला मतदान होतं, जुन्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी १७.५ कोटी डॉलर उभे करायचे की नाहीत यावर. संघ चालला आहे हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी लोकांनी प्रचंड बहुमताने होकार दिला. आम्ही पैसे द्यायला तयार आहोत, एवढंच त्यांना नोंदवायचं होतं.

पालिकेने कोर्टात धाव घेतली, कारण स्टेडियमचा करार १९९८ पर्यंतचा होता. महापौर मायकेल व्हाइट स्वतः पुढे झाले. लीगच्या कचेरीवर फॅक्सचा भडिमार झाला, जाहिरातदारांनी पाठ फिरवली, आणि शेवटच्या काही आठवड्यांत स्टेडियमवर एकही जाहिरात उरली नाही.

घरचा शेवटचा सामना १७ डिसेंबर १९९५, सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध. ब्राउन्स २६-१० ने जिंकले, पण गुणफलकाकडे कोणाचं लक्ष होतं? माणसं करवती, स्पॅनर घेऊन आली होती. बाकांच्या ओळीच्या ओळी उखडल्या जात होत्या. डॉग पाउंडमधून मैदानावर इतकं सामान पडत होतं की चौथ्या सत्रात पंचांनी खेळ दुसऱ्या टोकाला हलवला. त्या सामन्यात शंभराहून जास्त यार्ड धावला तो अर्नेस्ट बायनर. आणि सामना संपल्यावर तो बाहेर न जाता सरळ डॉग पाउंडकडे धावला. भिंतीपाशी जाऊन त्याने लोकांना मिठ्या मारल्या, एकाला, मग दुसऱ्याला, भिंतीच्या कडेकडेने. बाकीचे खेळाडूही गेले. ती चित्रफीत आजही पाहता येते: दाढीवाले, श्वानमुखवटा कपाळावर सरकवलेले बाप्ये हुंदके देताहेत, आणि ज्याला त्यांनी आठ वर्षं एका चुकीने ओळखलं तो त्यांना धरून उभा आहे. आमच्या शेजाऱ्यांच्या तळघरात त्या दिवशीचं एक बाक आहे. एक फळी तुटलेली, रंग उडालेला. त्यावर ते कोणाला बसू देत नाहीत.

फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली. १९९९ पर्यंत लीग क्लीव्हलंडला संघ देईल. नाव, रंग, इतिहास क्लीव्हलंडचा. मोडेल यांचा संघ कागदोपत्री नवा. त्याच वर्षी ओहायोने कायदाही केला: सरकारी पैशांवर उभ्या राहिलेल्या मैदानात खेळणाऱ्या संघाला राज्यात दुसरीकडे किंवा राज्याबाहेर जायचं असेल तर सहा महिने आधी सांगावं लागेल आणि स्थानिकांना संघ विकत घ्यायची संधी द्यावी लागेल. लोक त्याला मोडेल कायदाच म्हणतात; २०२५ पासून तो फक्त राज्याबाहेर जाणाऱ्या संघांना लागू आहे. हे किती मोठं होतं ते ह्यूस्टनकडे पाहिलं की कळतं. ह्यूस्टन ऑइलर्स १९९७ मध्ये टेनेसीला गेले आणि त्यांचं नाव, इतिहास, सगळं मालकाबरोबर गेलं. २०२३ मध्ये टेनेसीचा संघ ऑइलर्सचा जुना निळा गणवेश घालून उतरला तेव्हा ह्यूस्टनमधल्या माणसांना काय वाटलं असेल, ते क्लीव्हलंडकर चांगलं जाणतात.

इथे बाल्टिमोरबद्दलही बोललं पाहिजे, नाही तर गोष्ट अर्धवट राहील. बाल्टिमोरच्या लोकांनी संघ पळवला तो उगाच नव्हे. मार्च १९८४ मध्ये एका रात्रीत त्यांचा कोल्ट्स संघ सामानाच्या ट्रकांत भरून इंडियानापोलिसला नेला गेला होता. मागे राहिलं ते संघाचं बँड पथक. त्यांचे गणवेश तेव्हा धुलाईला टाकलेले होते म्हणून वाचले. मग ते एका दफनभूमीतल्या समाधीघरात लपवून ठेवले. आणि संघ नसताना हे पथक वर्षानुवर्षं वाजवत राहिलं, दुसऱ्यांच्या मैदानांवर जाऊन. मला हे फार थोर वाटतं. बाल्टिमोरचा नवा संघ म्हणजे रेव्हन्स. आमच्या शेजारच्या घरात हा शब्द उच्चारलेला चालत नाही, पण त्या पथकातल्या माणसांबद्दल मला आदरच आहे. त्यांचं दुःख संपलं तेव्हा ते क्लीव्हलंडकडे आलं, इतकंच. रेव्हन्सनी २००० च्या हंगामात सुपर बोल जिंकला. तो संघ ज्यांनी बांधला ते ऑझी न्यूसम. हो, सायपने शेवटचा चेंडू ज्यांच्याकडे फेकला होता तेच.

तीन हंगाम क्लीव्हलंडला संघ नव्हता. जुनं म्युनिसिपल स्टेडियम पाडलं आणि त्याचा राडारोडा माशांना आसरा म्हणून ईरी सरोवरात टाकला. नवा संघ १२ सप्टेंबर १९९९ ला नव्या मैदानात उतरला, पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्ध, आणि ०-४३ असा हरला. आणि तरीही कोणी उठून गेलं नाही, असं शेजारी सांगतात. जुने खेळाडू अगदी मोजके, मालक वेगळा, मैदान वेगळं. मग त्या दिवशी परत आलं ते नेमकं काय? नाव, रंग आणि बाकांवरची माणसं. संघ परत आला आहे असं मानायला त्यांना तेवढं पुरलं.

तेव्हापासून ब्राउन्सचे क्वार्टरबॅक चाळीसच्या वर झाले. एका चाहत्याने १९९९ च्या संघातल्या टिम काउच या क्वार्टरबॅकच्या जर्सीच्या पाठीवर एकाखाली एक पट्टी चिकटवत प्रत्येकाचं नाव लिहीत नेलं. ती जर्सी शहरात प्रसिद्ध होती. पण या काळात मला सांगायचं आहे जो थॉमसबद्दल. २००७ मध्ये ब्राउन्सनी त्याची निवड केली. निवडीचा सोहळा न्यूयॉर्कमध्ये चालू असताना हा वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडत होता. त्याची जागा क्वार्टरबॅकच्या डाव्या बाजूची, धक्के खाण्याची. अकरा हंगामांत तो सलग १०,३६३ चालींना मैदानावर होता, एकही न चुकवता, आणि त्यातला एकही सामना प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा, नव्हता. दुसऱ्या कुठल्याही संघात त्याला सुपर बोलची संधी मिळाली असती. तो गेला नाही. २०२३ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा क्लीव्हलंडहून कँटनपर्यंतचा, म्हणजे हॉल ऑफ फेम जिथे आहे त्या गावापर्यंतचा, रस्ता केशरी झाला होता. हे गाव आपल्या खेळाडूत काय पाहतं, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही.

२०१७ च्या हंगामात संघ सोळापैकी सोळा सामने हरला. ६ जानेवारी २०१८ ला, गोठवणाऱ्या थंडीत, हजारो चाहत्यांनी स्टेडियमभोवती मिरवणूक काढली, एक मोठं शून्य काढत. त्यात मालकांवरचा राग होता, आणि शहरातल्या अन्नपेढीसाठी देणग्या आणि डबाबंद अन्न गोळा करणंही होतं. काही खेळाडूंना ती मिरवणूक अपमान वाटली; त्यांचं मी समजू शकते. पण ज्यांनी संघ सोडून दिला असता ते त्या थंडीत कशाला आले असते? पुढच्या सप्टेंबरमध्ये २० तारखेला न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध ०-१४ ने मागे असताना बेकर मेफिल्ड नावाचा नवखा मुलगा मैदानात आला आणि ब्राउन्स २१-१७ ने जिंकले. ६३५ दिवसांनी मिळालेला विजय. एका बिअर कंपनीने शहरभर कुलपं लावून फ्रिज ठेवले होते, ते त्या क्षणी आपोआप उघडले. अनोळखी माणसं रस्त्यात गळाभेट घेत होती.

आणि १० जानेवारी २०२१. प्लेऑफ, पिट्सबर्गमध्ये, करोनाच्या काळात. प्रशिक्षक केव्हिन स्टेफान्स्कींना करोना झालेला, ते घरी तळघरात बसून टीव्हीवर सामना पाहत होते. २०१४ पासून संघात असलेला, ते सोळा पराभव सोसलेला जोएल बिटोनियो, त्यालाही करोना; आयुष्यातला पहिला प्लेऑफ सामना हुकला. आणि पहिल्याच चालीत पिट्सबर्गचा चेंडू त्यांच्याच क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेला, ब्राउन्सनी त्यावर झडप घालून टचडाउन केला. पहिल्या सत्राअखेर २८-०, शेवटी ४८-३७. प्लेऑफमधला १ जानेवारी १९९५ नंतरचा पहिला विजय. शेजाऱ्यांनी खिडकीतून केशरी टॉवेल हलवला, मी आमच्या खिडकीतून. करोना होता, एकमेकांच्या घरी जाता येत नव्हतं.

आता एक कठीण गोष्ट, जी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मार्च २०२२ मध्ये ब्राउन्सनी डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकला आणलं, २३ कोटी डॉलर हमीचे देऊन. त्याच्यावर वीसहून जास्त स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले होते. त्याने आरोप नाकारले, फौजदारी खटला उभा राहिला नाही; लीगने अकरा सामन्यांची बंदी आणि ५० लाख डॉलर दंड केला. मी त्या काळात सामने पाहिले नाहीत. माझ्या मुलीने तिची जर्सी कपाटाच्या तळाशी ठेवली. बऱ्याच चाहत्यांनी त्या दिवसांत क्लीव्हलंडच्या बलात्कार पीडितांना मदत करणाऱ्या केंद्राला देणग्या दिल्या. मला वाटतं ब्राउन्सचा इतिहास जपणारी माणसं तीच. ज्यांना संघ आपला वाटतो त्यांनाच त्याची लाज वाटू शकते, आणि ती लाज मालकांना कळवण्याचं कामही त्यांचंच. १९९५ मध्ये फॅक्स पाठवणारी माणसं आणि २०२२ मध्ये देणग्या देणारी माणसं यांत मला फरक दिसत नाही.

सध्याचा वाद स्टेडियमचा. आताचे मालक हॅस्लम कुटुंब. त्यांनी २०२४ मध्ये ठरवलं की सरोवराकाठचं मैदान सोडून विमानतळाजवळ ब्रूक पार्कमध्ये छप्पर असलेलं नवं स्टेडियम बांधायचं. राज्याने त्यासाठी ६० कोटी डॉलर मंजूर केले आहेत. जागा फोर्डच्या जुन्या कारखान्याची, म्हणजे आमचे शेजारी जिथे कामाला होते तीच. त्यांना ते पसंत आहे: ती जमीन इतकी वर्षं ओस पडली होती, तिथे पुन्हा माणसं येतील. मला पसंत नाही. शहराच्या मध्यवस्तीतून संघ काढायला लोकांचा पैसा का वापरायचा, हा माझा प्रश्न आहे. शिवाय जानेवारीत सरोवरावरून येणारा वारा आणि बर्फ हा ब्राउन्सच्या खेळाचाच भाग आहे, छताखाली तो कुठून आणणार? पण बारा-पंधरा मैलांच्या आतच आहे, आणि नाव तेच राहणार आहे, हे शेजाऱ्यांचं म्हणणंही मला खोडता येत नाही. आमचा हा वाद ओट्यावर चालूच आहे.

इथे भारतात बसून कोणाला सामने पाहायचे असतील तर सांगते: तिथले रविवारी दुपारी एकचे सामने आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री साडेदहाला लागतात, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. साधारण तीन तास चालतात, त्यामुळे सोमवारी सकाळी लवकर ऑफिस असेल त्यांनी विचार करून बसावं. सुरुवात करणाऱ्यांनी पिट्सबर्गविरुद्धचा सामना निवडावा. आता प्रश्न असतील तर विचारा, मी थांबते आहे.